घरून गेलेली पत्रं कुठं आहेत?

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या आजी-माजी सैनिकांच्या घरच्या सुना, लेकी आणि नातवंडांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

दसऱ्याच्या आधी घर काढायला घेतलं की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यातलं काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं, हे घरात तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र कुठल्या कचेरीला न लिहिता थेट तुम्हाला लिहितोय. मी टपाल खात्यात पोस्टमन म्हणून लागलो, पुढं काउंटरवर बसलो, सोलापुरातूनच निवृत्त झालो. फौजेची डाक नोकरीभर हातातून गेली. त्या पेटीतल्या कागदांविषयी माझी एक मागणी आहे. घरच्या फौजीनं आघाडीवरून लिहिलेली पत्रं बऱ्याच घरांत जपलेली असतात, एखादं तर त्याच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलंही असतं. घरून त्याला गेलेली पत्रं कुठं आहेत, तेवढं शोधा.

आईनं सांगून लिहवलेली, बायकोनं दिवा मालवायच्या आधी घाईनं संपवलेली, चौथीतल्या पोरानं बापाला धाडलेली. फौजेकडं जाणारी डाक मला कधी येणाऱ्या डाकेपेक्षा कमी वाटली नाही. मग आज घरोघर एकाच बाजूचं बोलणं का सापडतं?

हा प्रश्न मला पडला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाची पत्रं वाचताना. निवृत्तीनंतर वेळ भरपूर. नातीनं मोबाइलवर तिकडच्या संग्रहालयांतली जुनी पत्रं उघडून दिली. इंग्रजी अडलं की ती सांगते, अक्षर अडलं की मी सांगतो. वाईट अक्षर वाचण्यात आयुष्य गेलंय. सोलापूरकरांना ते युद्ध तसं अगदीच परकं नाही. १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडच्या राज्यांच्या आरमारानं फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. आपल्या गिरण्यांचे भोंगे नंतरचे, पण आगगाडी १८६० सालीच सोलापुरात आली होती. ते असो.

एकाच देशातली माणसं एकमेकांवर उठली होती. सहा लाख वीस हजार मेले असा जुना हिशेब आहे, अलीकडचे अभ्यासक साडेसात लाखांपर्यंत जातात. गोरे शिपाई बहुतेक लिहिता-वाचता येणारे होते आणि शिपायाचं पत्र फोडून तपासायची पद्धत जवळपास नव्हती. त्यामुळं माणसं मोकळेपणानं लिहीत: जुलाब, उवा, किडे पडलेली बिस्किटं, कॅप्टनला शिव्या, शेतातल्या गाईची चौकशी. ‘लेखणी हातात घेऊन कळवतो की मी खुशाल आहे आणि या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही तसेच असाल’ अशा अर्थाची सुरुवात कितीतरी पत्रांत येते. वाचून हसू आलं. आपलं ‘पत्रास कारण की’ आणि ‘इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी’ काय वेगळं आहे?

टपालवाल्याला त्या पत्रांची पाकिटंसुद्धा वाचायला मिळतात. उत्तरेकडच्या शिपायाला तिकीट न लावता पत्र टाकायची सवलत १८६१ मध्ये मिळाली. अधिकाऱ्यानं पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ असं लिहून सही करायची आणि तीन सेंट पत्र घेणाऱ्यानं भरायचे. म्हणजे आपल्याकडचं बेअरिंग पत्र, फक्त दंड न घेता. दक्षिणेनं स्वतःचं टपाल खातं काढलं, तेव्हा उत्तरेनं आपली जुनी तिकिटंच बाद ठरवून नवी छापली. दक्षिणेत पडून असलेल्या तिकिटांचा पैसा होऊ नये म्हणून. पुढं दक्षिणेत कागदाचा असा दुष्काळ पडला की लोक भिंतीला लावायच्या रंगीत कागदाची पाकिटं करत, आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरत. पान भरलं की तेच पान आडवं धरून आधीच्या ओळींवरून दुसऱ्या ओळी लिहीत. आपल्या अंतर्देशीय पत्राची आठवण येते. आतली बाजू भरली की समास, समास भरला की डिंक लावायच्या पट्टीपर्यंत मजकूर. फोडताना ती पट्टी फाटायची आणि नेमकं ‘तुझी आई’ असं काहीतरी अर्धवट राहायचं.

युद्धानं तिथल्या पोस्टमनलाही बदललं. आधी शहरात घरपोच पत्राला वेगळे पैसे पडत, नाहीतर पोस्टात जाऊन रांगेत उभं राहावं लागे. क्लीव्हलंडच्या पोस्टात जोसेफ ब्रिग्ज नावाचा कर्मचारी होता. ऐन थंडीत नवऱ्याच्या, पोराच्या पत्रासाठी बायका रांगेत कुडकुडताना बघून त्यानं फुकट घरपोच वाटपाचा आग्रह धरला, असं सांगतात. १ जुलै १८६३ पासून तिथल्या मोठ्या शहरांत ते सुरू झालं. १ नोव्हेंबर १८६४ पासून मनीऑर्डर आली, तीही शिपायांना घरी पैसे सुखरूप पाठवता यावेत म्हणून. आमच्या खात्यात भरतीवेळी हे कुणी शिकवत नाही, शिकवायला हवं होतं.

उत्तर-दक्षिणेच्या मध्ये पत्र जायचं तर पांढऱ्या निशाणाखाली, ठरलेल्या ठिकाणी थैल्या बदलून. कैद्यांची पत्रंही याच वाटेनं. एकच पान, पाकीट उघडं, घरगुती मजकुराशिवाय काही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी श्रीलंकेच्या यादवीत रेडक्रॉसचे निरोप असेच उघडे जात, फक्त कुटुंबाची खुशाली लिहिलेले.

आता मुद्द्यावर येतो. त्या युद्धातली लाखो पत्रं आज जपलेली आहेत, पण त्यातली फार मोठी रास आघाडीवरून घरी आलेल्यांची आहे. घरून गेलेली त्यामानानं थोडी. कारण साधं आहे. घराला पेटी असते, शिपायाच्या पाठीवर फक्त पिशवी. चालून चालून ओझं नको होतं म्हणून तो पत्रं टाकून देई. लढाईच्या आदल्या रात्री कितीजण ती जाळून टाकत, आपण पडलो तर आपल्या बायकोचे शब्द शत्रूनं शेकोटीभोवती मोठ्यानं वाचू नयेत म्हणून. पावसानं, घामानं, रक्तानं गेली ती वेगळीच.

त्यामुळं जगात गाजलेली सगळी पत्रं पुरुषांची. ऱ्होड आयलंडचे मेजर सलिव्हन बॅलू यांनी १४ जुलै १८६१ रोजी बायकोला, सारा यांना, पत्र लिहिलं. आठवड्यानं बुल रनच्या लढाईत ते जबर जखमी झाले आणि त्यातच गेले. ते पत्र अमेरिकेत घरोघर माहीत आहे, मूळ कागद सापडत नसताना नकलांवरून माहीत आहे. सारा बॅलूंनी दुसरं लग्न केलं नाही, १९१७ पर्यंत जगल्या. त्या नवऱ्याला काय लिहीत होत्या, हे विचारलं तर तिथलेही गप्प बसतील.

घरून गेलेल्या वस्तूचं मोल काय असतं ते गेटिसबर्गला दिसलं. जुलै १८६३ मधल्या त्या तीन दिवसांच्या लढाईनंतर एक शिपाई मेलेला सापडला. ओळखीचा बिल्ला तेव्हा नव्हता, खिशात नावाचा कागद नव्हता. हातात तीन लेकरांचा काचेवरचा फोटो होता. फोटो वर्तमानपत्रात छापायची सोय तेव्हा नसल्यानं त्याचं वर्णन छापलं: कोण कुठं बसलंय, कुणाच्या झग्याचं कापड कसं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टन यांनी ते वाचलं आणि नवऱ्याचा ठाव लागला. अमॉस ह्युमिस्टन, १५४वी न्यूयॉर्क पलटण. तो फोटो फिलिंडांनीच काही महिन्यांपूर्वी टपालानं पाठवला होता आणि पोचल्यावर ‘याच्याइतका आनंद कशानं झाला नाही’ असं अमॉसनं उलट लिहिलं होतं. सरकारनं दिलेल्या कुठल्याच वस्तूनं त्याची ओळख पटली नाही, घरच्या डाकेनं पटली.

आणि एक बाईचं पत्र. मिसूरी राज्यातल्या मेक्सिको या गावाहून ३० डिसेंबर १८६३ रोजी मार्था ग्लोव्हर यांनी नवऱ्याला पाठवलेलं. मार्था गुलाम, नवरा पळून जाऊन उत्तरेच्या फौजेत भरती झालेला. तो सुटला आणि मालकानं राग बायकोवर काढला. मार्था लिहितात ते थोडक्यात असं: तू गेल्यापासून त्रासाशिवाय काही नाही, तू गेलास म्हणून मला मारतात, लेकरांना सांभाळणार नाही म्हणतात, अशा अवस्थेत आम्हाला टाकून तू जायला नको होतंस. लग्न झालेल्या आणखी पुरुषांना भरती व्हायला सांग असं मला पुन्हा लिहू नकोस, दुसऱ्यांनाही या खाईत ढकलायची माझी इच्छा नाही. शेवटी, मला आणि लेकरांना विसरू नकोस, पत्र लिही. गुलामगिरी मोडण्यासाठी लढलेल्या काळ्या शिपायांचा गौरव आपण ऐकतो, तो खराच आहे. त्याची किंमत घरी कुणी मोजली, हे त्या एका पत्रातून कळतं. ते टिकलं तरी कशानं? लष्करी दप्तरात लागलं म्हणून. शिपायाच्या पिशवीत राहिलं असतं तर गेलं असतं.

सगळ्याच बायका असं स्पष्ट लिहीत नव्हत्या. दक्षिणेकडची वर्तमानपत्रं तर बायकांना उघड बजावत होती की आघाडीवर रडगाणी धाडू नका, उपासमारीचं पत्र वाचून शिपाई पलटण सोडून घरी पळतात. पळतही होते. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडमध्ये बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, दुकानं फोडली. अशा दिवसांतही कितीजणींनी नवऱ्याला ‘आमची काळजी करू नका’ असंच लिहिलं असेल.

हे वाचताना मला माझे सायकलवरचे दिवस आठवले. गावातल्या कितीतरी घरी पत्र नुसतं टाकून चालत नसे, वाचूनही दाखवावं लागे. ओट्यावर टेकलं की म्हातारी पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि सून दाराआड उभी राहायची. वाचून झालं की उलट टपाली उत्तर. म्हातारी सांगायची, मी लिहायचो. ‘लिवा, समदं बरं हाय.’ अहो, पण बैल विकला ना परवा? ‘ते नगं लिवू. तितं त्याला घोर लागंल.’ विहीर आटली, पोराला कांजिण्या आल्या, भावकीनं बांध कोरला, सगळं बाजूला राहायचं आणि अंतर्देशीयभर ‘सर्व क्षेम’ जायचं. दक्षिणेतल्या त्या संपादकांनी सांगितलेलं आपल्या म्हाताऱ्या न वाचताच पाळत होत्या. मी निघालो की कधी कधी सून फाटकापर्यंत येऊन हळूच म्हणायची, खाली एवढं घाला, ‘रजा मिळती का बघा’. ती ओळ मी घालायचो. म्हातारीला वाचता येत नव्हतं, हे आमच्या दोघांच्या पथ्यावर पडायचं.

तेव्हा तुम्हाला सापडणारी घरची पत्रं पोस्टमनच्या, मास्तरांच्या, शेजारच्या पोराच्या अक्षरात असतील. ‘ही आजीची नाहीत, अक्षर दुसऱ्याचं आहे’ म्हणून बाजूला टाकू नका. अक्षर आमचं होतं, बोलणं तिचं.

आपल्या जिल्ह्यातली पोरंही परक्याच्या यादवीत लढलेली आहेत, हे आता विसरायला झालंय. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि भारताची शांतिसेना तिकडं गेली. शांतता राखायला गेलेल्या फौजेला ऑक्टोबरात जाफन्यात तमिळ बंडखोरांशी लढाई करावी लागली. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी तिथं होत्या. आठव्या महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. हे युद्ध आपलं नाही, शत्रू कोण ते नीट कळत नाही, परवापर्यंत हार घालणारेच आज सुरुंग लावतात, असं त्या पोरांच्या पत्रांतून अडखळत यायचं. आणि इकडं घरच्यांना तर जाफना कुठल्या दिशेला हेही ठाऊक नव्हतं. फौजेच्या पत्त्यात गाव नसतंच. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत अमुक एपीओ (म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), संपलं. एका माउलीनं मला विचारलं होतं, ‘ते एपीओ समुद्राच्या अल्याड हाय का पल्याड?’ मला तरी कुठं ठाऊक होतं!

कारगिलच्या वर्षी टीव्ही होता, गावात वीरांच्या मिरवणुका निघाल्या. श्रीलंकेहून आलेल्यांच्या वाट्याला तसलं फारसं काही आलं नाही. त्या वेळच्या विशीतल्या बायका आज साठीच्या आसपास आहेत, त्यांच्या सासवा बहुतेक गेल्या. म्हणजे त्या अडीच-तीन वर्षांत घरात काय चाललं होतं ते सांगू शकणारं शेवटचं माणूस तुमच्या स्वयंपाकघरात बसलेलं आहे. कुठल्याही संग्रहालयापेक्षा हे मला जास्त घाईचं वाटतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण तर आपल्या गावचंच. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनला गेले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल हे आधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. चीनमध्ये जपानशी लढाई आणि तिच्याच पोटात कुओमिन्तांग हा राष्ट्रवादी पक्ष व कम्युनिस्ट यांचं आपसातलं वैर. कोटणीस तिकडं असतानाच इकडं वडील वारले. ते परतले नाहीत, काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी तिथंच गेले, मागं पत्नी क्वो छिंगलान आणि काही महिन्यांचा मुलगा. भैय्या चौकातल्या स्मारकात शाळांच्या सहली जातात, डॉक्टरांनी तिकडं काय केलं ते पोरांना पाठ असतं. ती चार वर्षं सोलापूरच्या घरानं कशी काढली, चीनहून डाक यायची कधी आणि वडील गेल्याचं त्यांना कुठल्या शब्दांत कळवलं असेल, हे कुणी पोर विचारत नाही. मोठ्या माणसाच्या घराबाबतही आपण अर्धंच विचारतो.

मग शोधायचं कुठं? घरच्या बाईची पत्रं घरच्या कागदांत कमी आणि फौजीच्या सामानात जास्त असतील. निवृत्त होऊन आलेल्या फौजीची काळी पेटी असते, तिच्या तळाला, डिस्चार्जच्या कागदांखाली बघा. पे-बुकात घडी घालून ठेवलेलं एखादं सापडतं. जो परत आला नाही त्याचं सामान पलटणीनं यादी करून घरी पाठवलेलं असतं. ती पेटी कित्येक घरांत एकदा उघडून जी बंद केली ती बंदच आहे. जुन्या वाड्यात खुंटीला तारेचा आकडा असायचा, आलेलं प्रत्येक पत्र त्यात खुपसलेलं. तो आकडा भंगारात गेला असेल तर कागद कुठं गेले ते विचारा.

काही मात्र मुळात ठेवलीच गेली नाहीत. मयताचं कार्ड वाचल्याबरोबर फाडायचं, घरात ठेवायचं नाही, ही आपली रीत. फौजेकडून आलेल्या तारेचंही काही घरांत तेच झालं. ज्या घरानं तो कागद फाडला, त्याला मी दोष देणार नाही. पण अजून कुठं तो असेल तर आता त्याला अशुभ मानू नका. तारसेवाच २०१३ मध्ये बंद झाली, तसा कागद पुन्हा कुणाला मिळायचा नाही.

सापडल्यावर घाई करू नका. लॅमिनेशन करायला तर अजिबात नेऊ नका, चांगलं वाटतं आणि कागद कायमचा जातो. चिकटपट्टीचंही तेच, काही वर्षांत पिवळा डाग उरतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. उन्हात वाळत घालू नका, आपल्याकडचं ऊन शाई खातं. सुती फडक्यात, वाळवी लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि पोरांनो, तिकिटं कापून घेऊ नका. तिकिटाबरोबर शिक्का जातो आणि शिक्क्याबरोबर तारीख. आपल्या लोकांना पत्रावर तारीख घालायची सवय कमी, फौजी पोस्टाच्या शिक्क्यावरून तरी ती कळते.

फोनवर प्रत्येक बाजूचा फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. मग ते पत्र जिनं धाडलं होतं तिला वाचून दाखवा आणि ती जे बोलेल ते रेकॉर्ड करा. ‘सर्व क्षेम’ या दोन शब्दांत तेव्हा काय काय दडवलं होतं, ते तिच्याखेरीज कुणाला माहीत? बैल विकल्याचं पत्रात सापडणार नाही, तिच्या तोंडून सापडेल.

पण आधी तिला विचारा. पत्र ज्याच्या नावचं त्याच्या हातात, एवढं एक खात्यानं माझ्या हाडात भिनवलं. त्यानं तिला लिहिलेली पत्रं तिची आहेत, आणि तिनं त्याला लिहिलेली, तो गेल्यावर, तिचीच. आत भांडणं असतील, सासूविरुद्ध गाऱ्हाणी असतील, मूल होत नाही म्हणून ऐकलेले टोमणे असतील, कुणाच्या उधारीचा हिशेब असेल. २६ जानेवारीला व्हॉट्सअॅपच्या गटात ‘आमच्या आजीचं वीरपत्र’ म्हणून तिला न विचारता ते टाकायचं नाही. ती म्हणाली जाळा, तर जाळा. इतिहासाचं नुकसान होईल असं कुणी अभ्यासक म्हणेल; होऊ दे. पण बहुतेकजणी असं म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यांना फक्त कधी कुणी विचारलेलं नसतं.

मूळ पत्रं कुणाला देऊन टाकू नका, सरकारलाही नको. अमेरिकेत १८६२ च्या कायद्यानं शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर पेन्शन ठरली. लग्न झालं होतं, मुलगा आईला पैसे पाठवत होता, याचा पुरावा म्हणून कितीतरी बायकांनी आणि आयांनी आपली पत्रंच अर्जाला जोडली. ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनच्या फायलींत आहेत. अभ्यासकांचं भलं झालं, पण त्या बाईच्या उशाशी काय राहिलं? आठ डॉलरसाठी तिनं नवऱ्याचं शेवटचं अक्षर काउंटरवर ठेवलं. तुम्ही छायाप्रत द्या. विद्यापीठातलं, वाचनालयातलं कुणी मागायला आलं तर चहा पाजा, समोर बसून फोटो काढू द्या आणि पत्र परत फडक्यात बांधा.

आपला जिल्हा सरमिसळ बोलींचा. अक्कलकोटकडच्या घरात कानडी पत्र निघेल, पूर्व भागातल्या विणकराच्या घरात तेलुगू, कुठं उर्दू. नातवंडांना ती लिपी येत नाही म्हणून गठ्ठा तसाच राहतो. वाचणारं माणूस दोन गल्ल्या सोडून सापडतं, फक्त दार वाजवायला लागतं. मराठी अक्षर लागत नसेल तर माझ्यासारखे निवृत्त पोस्टमन प्रत्येक पेठेत बसून आहेत. बोलवा, येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सोलापूर

ता. क. मनीऑर्डरीचे कागद फेकू नका. फॉर्मला मजकुरासाठी छोटं कूपन असायचं, ते पैसे घेणाऱ्या घरात राहायचं. त्यावर त्याच्या दोन ओळी सापडतील. आणि पैसे मिळाल्याची पोच घरच्या सहीनं किंवा अंगठ्यानं पाठवणाऱ्याकडं परत जायची. अंगूठाबहाद्दर आईकडून आघाडीवरच्या पोराला दर महिन्याला जाणारा तेवढाच एक कागद. त्याच्या पेटीत निळ्या शाईच्या अंगठ्यांच्या चिठ्ठ्या दिसल्या तर त्या पावत्या समजून टाकू नका, पत्रांच्याच गठ्ठ्यात ठेवा.